ग्रॅमभरही जास्त नाही

३ सप्टेंबर
लिहिण्याचं कारण सरळ आहे. आज मी गिऱ्हाइकावर ओरडले आणि यादिराने राजीनामा लिहायला घेतला. आमच्या कंपनीत माणसं दोनच – ती आणि मी. म्हणाली, "इंजिनियरबाई, यापुढे मनात येईल ते वहीत लिहा. तोंडाने नको." म्हणून ही वही.

आमचा माल: फोनला जोडलेला वजनकाटा. मागितल्यापेक्षा ग्रॅमभर जास्त पडलं की शिट्टी मारतो. तीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात मापं तपासली. शिट्टीची कल्पना माझीच. जाहिरातही माझीच – "ग्रॅमभर कमी नाही, ग्रॅमभरही जास्त नाही!" आरेकिपा शहरभर फलक लावले. फलकावर हसरा चेहरा कुणाचा? माझा! यादिरा विचारते, यात हसलात कुठे?

४ सप्टेंबर
महिनाअखेर बाजारातल्या दहा गाळ्यांवर काटा चालताना दिसला पाहिजे. नाही तर सरकारी निधी बंद, कंपनी बंद, आणि माझ्या शब्दावर लिमाची पक्की नोकरी सोडून आलेली यादिरा रस्त्यावर. दहा काटे फुकट वाटले. फुकट! आता कोण नाही म्हणेल?

९ सप्टेंबर
सगळ्यांनी. काटे ठेवून घेतले, पण वापरत कुणीच नाही.

११ सप्टेंबर
एउदोसियाबाईंच्या बटाट्याच्या गाळ्यावर जाऊन उभी राहिले. काटा पोत्याखाली! का, विचारलं. "ओरडतो, माये. तुमच्यासारखाच." शेजारचे गाळे खो-खो हसले.

मग त्यांनी एका बाईला किलोभर बटाटे मोजले आणि वर हाताने दोन टाकले – ही आमच्या बाजाराची यापा. "एवढं वर घातलं नाही तर ती उद्या माझ्याकडे कशाला येईल? आणि तुमचा काटा चारचौघांत शिट्टी मारतो, जशी मी चोर! अहो, चोर घेतो तरी. मी देतेय!"

मी जन्मभर याच बाजारात खरेदी केली. यापा पडल्याशिवाय पिशवी मिटलेली मला आठवत नाही. आणि घरी बसून तीच बंद करणारं यंत्र बनवलं. तीन वर्षं खपून!

१२ सप्टेंबर
यादिराला सांगितलं, शिट्टी काढ, यापासाठी बटण दे. तिने जुना आराखडा समोर ठेवला. बटण होतं. त्यावर लाल शाईत माझं अक्षर: "बेशिस्त. काढून टाका."
माफी मागायची होती. "हं," एवढंच म्हणाले.

२० सप्टेंबर
नवे काटे घेऊन गेले. अवाक्षर बोलायचं नाही असं ठरवून. पाच मिनिटं टिकलं. चीजवालीला बटण दाबायची योग्य पद्धत शिकवली – तीनदा. तिने काटा माझ्याच हातात ठेवला. चार गाळे झाले. चारच.

२५ सप्टेंबर
आज यादिरा एकटी गेली. बाजारातल्या बायकांशी त्यांच्या केचुआ बोलीत गप्पा मारल्या, दोन ठिकाणी सूप प्यायली, काट्याचा विषय शेवटी काढला म्हणे. दहाच्या दहा!

२९ सप्टेंबर
बाजारसंघ ऐंशी काटे विकत घेणार! निरोप घेऊन एउदोसियाबाई स्वतः आल्या. "एक अट आहे, माये. राग नको. विकायला, शिकवायला ती पोरगीच येऊ दे. आणि फलकावरचं तुमचं तोंड तेवढं उतरवा, गिऱ्हाईक बिचकतं."
मी रागावले नाही. त्या जिना उतरेपर्यंत.

३० सप्टेंबर
निधीवाले पाहून गेले. निधी चालू.
यादिराच्या स्वाधीन केलं: कचेरीच्या दोन किल्ल्या, कंपनीचा शिक्का, संचालकपदाचा कागद – माझ्या सहीसकट. तिने दोनदा वाचला. मग खाली पोच लिहून दिली: "मिळालं. उद्या आठला कामावर हजर राहावे."