चावी फिरवण्याआधी वाच

प्रिय भिंगरी,

चावी फिरवू नकोस. आधी हे सगळं वाच, शेवटपर्यंत. दर वेळी स्टिअरिंगवर माझी पांढरी चिकटपट्टी असते, तिच्यावर तारीख आणि 'ऐकलं' एवढा एकच शब्द. आज त्या जागी हा कागद आहे. बॅटरीची तारही काढून ठेवली आहे. ती परत जोडायला तुला दोन मिनिटं पुरतात हे मला ठाऊक आहे, शिकवलं मीच. तेव्हा माझी भिस्त तारेवर नाही, तुझ्यावर आहे. ट्रॅकवर तुझी पाळी नऊला, म्हणजे सकाळी सहाला तू गॅरेजचं दार उघडशील ते घाईतच, आणि घाईत तू कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस. आपल्या बापाचं तर कधीच ऐकलं नाहीस. आज दादाचं ऐक.

तो आवाज. दीड महिन्यापूर्वी तू ट्रॅकवरून आलीस ती हेल्मेट काखेत मारून, घामाघूम. म्हणालीस, त्या लांबलचक डाव्या वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की पाठीमागून टकटक येते, पाय दाबला की जाते, आणि तेही इंजिन चांगलं तापल्यावरच. किती नेमकं सांगितलं होतंस! दुसरं कुणी असतं तर 'काहीतरी वाजतंय बघा' म्हणून मोकळं झालं असतं. मी इंजिन चालू केलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. तू माझ्या तोंडाकडे बघत उभी होतीस. मी बराच वेळ तसाच राहिलो. मग म्हणालो, सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालाय. दोन बोल्ट आवळले, पट्टी लिहून चिकटवली आणि तू खूश होऊन घरी गेलीस.

पुढच्या वेळी तू पुन्हा तेच घेऊन आलीस, जरा वाढलंय म्हणालीस. मी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर, पुन्हा डोळे मिटणं. या खेपेला सांगितलं, की इंजेक्टरची टिकटिक आहे, ती असतेच, तू उगाच कान लावून बसतेस. तुझ्या कपाळावर एक आठी आली होती, मी पाहिली. पण दादाने ऐकलं म्हणजे झालं, असं स्वतःलाच बजावलंस आणि चौदा फेऱ्या मारल्यास. मी कठड्याशी घड्याळ घेऊन उभा होतो. तळहाताला एवढा घाम, की दोनदा बटण चुकलं. दादा आता म्हातारा झाला म्हणून तू येताना वाटभर हसलीस. मी पण हसलो.

गुरुवारी गाडी अंगणात काढून तापवली. तीन हजार आरपीएमवर न्यायची, सोडायची, पुन्हा न्यायची. तुझी वहिनी, जिला पाना आणि सांडशी यांतला फरक कळत नाही, ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि विचारू लागली, की आत बसून हातोडी कोण मारतंय. माझी पाचावर धारण बसली. मी तिला तिथेच उभं केलं आणि सांगितलं, हातोडी वाजली की हात वर कर. मी पाय उचलला, तिचा हात वर. पुन्हा उचलला, पुन्हा वर. दहा वेळा केलं, दहाही वेळा. मी नुसता तिच्या हाताकडे बघत होतो.

मग तेल काढलं, फिल्टर कापला, आतला घडीचा कागद उलगडून उन्हात धरला. तांबूस चकाकणारा चुरा. बोटांत चोळला तरी विरघळला नाही. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातंय, भिंगरे. लांब वळणात सगळं तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं घासतं. चौदा फेऱ्या, प्रत्येक फेरीला थोडं थोडं. रॉड तुटला तर इंजिन फोडून बाहेर येतो आणि तेल तुझ्याच मागच्या टायरांखाली सांडतं. ते घडतं भरवेगात पाय उचलताना, म्हणजे सरळ रस्ता संपतो तिथे, दोनशेच्या वेगाला, समोर भिंत. गुरुवारपासून मला दुसरं काही दिसत नाही. जेवायला बसलो की दिसतं, दाढी करताना दिसतं.

हे फोनवर सांगता आलं असतं, मेसेज करता आला असता. पण मेसेज वाचून तू लगेच फोन केला असतास, आणि फोनवर तू काय बोलतेस ते मला गेले आठ महिने कळत नाही. अंदाजाने हो-नाही म्हणतो, नाहीतर हात तेलाचे आहेत सांगून फोन वहिनीकडे देतो. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, गुपचूप. त्यांनी यंत्र लावायला सांगितलं, मी लावलं नाही. लोक लांबलांबून गाड्या आणतात त्या माझ्या कानांसाठी, तिथे यंत्र लावून कसा उभा राहू? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत राहिलो. त्या दोन्ही पट्ट्या खोट्या होत्या. माझा अंदाज चुकला नव्हता, मला काही ऐकूच आलं नव्हतं, आणि तरी मी 'ऐकलं' लिहिलं. माझ्या तोऱ्यापायी मी तुला मारलं असतं. हे समोर सांगायला गेलो असतो तर तू भराभर बोलली असतीस आणि मी पुन्हा मान हलवून वेळ मारून नेली असती, म्हणून लिहिलं. आता वर ये. मी जागा आहे. चिडणार आहेसच, चिड. फक्त खिडकीपाशी, उजेडात उभी राहा, तुझे ओठ मला दिसतील अशी, आणि सावकाश चिड. त्यातला एकही शब्द मला चुकवायचा नाही.

तुझाच,
दादा