वज्रेश्वरीच्या पाण्याने धुतलेली रायफल

बाबा, तुमची रायफल काल पाहून आले. तुम्ही गेल्यापासून ती धामणकर नाक्यामागच्या बंदुकीच्या दुकानात जमा होती. आता दुकानदार म्हणतो, "मॅडम, दुकान बंद करतोय. कोणी लायसनवाला घेत असंल तर द्या, न्हायतर सरकारजमा. मग डायरेक्ट भट्टी." म्हणून जुन्या हत्यारांचे एक संग्राहक पुण्याहून आले. तुम्हाला आवडले असते. माणसाच्या आधी बंदुकीकडे बघणारे.

त्यांनी ती उचलली, खालचा खटका ओढला, मागचा ठोकळा अलगद सरकला. एका वेळी एकच गोळी घेणारी, शिकारीसाठी घडवलेली, शंभरी ओलांडलेली. "चाल अजून घट्ट आहे," ते म्हणाले. "दस्ता मूळचा, अक्रोडाचा. कुठे जोड नाही." मला उगाचच तुमच्या वतीने मान मिळाल्यासारखं झालं. मग त्यांनी भिंग काढलं आणि त्यांचा चेहरा पडला. पोलादावरचा काळसर निळा मुलामा पार गेलेला, नक्षी बोथट, कारागिराचं नाव पुसलेलं. नळीत बॅटरी मारली तर आत खड्डेच खड्डे. "ताई, हिला घासलंय कशानं?"

काय सांगणार? दसऱ्याची सकाळ आहे. टेमघरच्या आपल्या ओटीवर तुम्ही मांडी घालून बसलाय आणि चिंच-राखेने समई घासावी तशी रायफल घासताय, तोंड दिसेपर्यंत. मग नळीत तीर्थ, वज्रेश्वरीच्या गरम कुंडातून आणलेलं. मी उंबऱ्याच्या आत. शाळेत संस्कृत घेतलं म्हणून मंत्र माझ्याकडे. "तोंड चालव, हात न्हाय. पोरीचा हात लागला का हत्यार बाटतं." पुढे मी संस्कृत शिकवण्यातच जन्म काढला, तेव्हा निदान तोंडाबद्दलचा उपदेश वाया गेला नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. "गंधकाचं पाणी, तेही दरवर्षी," एवढंच म्हणाले. म्हणजे बाबा, माझ्या हातापासून जपलीत ती रायफल तुम्हीच खाल्लीत. श्रद्धेने, ओंजळ ओंजळ.

रायफल खाली ठेवून ते म्हणाले, "नग म्हणून संग्रहात हिला जागा नाही. पण अशी पूजा झालेली दुसरी माझ्याकडे नाही. मालकाचा हिच्यासोबतचा फोटो असेल तर हकिगतीसकट ठेवीन. नाहीतर राहू द्या." दुकानदार मध्येच, "असंल की! बंदूकवाला आणि फोटो न्हाय, असं कधी होतं का?"

मी नाही म्हटलं.

फोटो आहे. पाटावर रायफल, तिच्यावर तुमचा उजवा हात. डावा माझ्या डोक्यावर, फोटोवाल्याने ठेवायला सांगितला म्हणून. आपल्या दोघांचा दुसरा फोटो नाही. मोबाईलवर काढून देता आला असता, हे मलाही कळतं. पण मग तो काचेआड लागला असता, खाली रायफलीची माहिती, आणि त्यात मी, पूजेच्या साहित्यातली एक. सरकारजमाच्या कागदावर सही करून आले. तुम्हाला वाईट वाटेल. वाटावं म्हणूनच लिहायला बसले होते. पाठवायचं तर कुठेच नव्हतं. फक्त एक. फोटोवाल्याने सांगितलं असं वर लिहिलंय, ते मी माझ्या मनाने लिहिलंय. त्याने तसं सांगितल्याचं मला आठवत नाही.