पालथं बटण

प्रिय भिंगरी,

परवा तुमच्या संस्थेची प्रशिक्षक बाई आपल्या गल्लीत येऊन गेली. सोबत एक पेटी. पेटीत रंगीत प्लास्टिकच्या चकत्या, एक चकचकीत कापडी नकाशा आणि चाळीस पानांचं पुस्तक. तिने आम्हाला गोल बसवलं आणि शेजाऱ्यांची खबर कशी ठेवावी हे शिकवायला घेतलं. वस्तीचा नकाशा जमिनीवर पसरायचा, प्रत्येक दारापुढे एक चकती ठेवायची. नळाजवळच्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघींना असं काही हसू फुटलं की ती बिचारी आपल्या तोंडाला काही लागलंय का ते पुसून बघू लागली. पोर वाईट नव्हती, सांगितलेलं काम करत होती. पण हसून झाल्यावर माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. पत्र तिखट लागलं तर पाणी पी आणि पुढे वाच.

जाताना तिने, तू राहतेस त्या देशात आम्ही केलेल्या दौऱ्याचा अहवाल ठेवला. शेवटच्या पानावर माझी सही हवी, महिनाअखेरच्या आत. सही झाली नाही तर आम्ही बायका जमतो त्या केंद्राची खोली पुढच्या वर्षी आमच्याकडे राहीलच असं नाही, हेही तिने अगदी गोड आवाजात सांगितलं. अहवाल म्हणतो की आम्ही सात बायका तीन आठवडे तिकडे राहून संस्थेने तयार केलेली ‘शेजार-नकाशा’ पद्धत शिकून आलो. शिकून आलो! शिवणकामाच्या डब्यातली बटणं जमिनीवर खडूने काढलेल्या घरांपुढे मांडत आमची वीस वर्षं गेली. सगळं ठीक असलेल्या घराला पांढरं, आजारपण असेल तिथे काळं, आणि ज्या दारापुढे बटणच नाही तिथे संध्याकाळच्या आत कुणीतरी जाऊन कडी वाजवायची. हे आम्हाला कोणत्या साहेबाने शिकवलं होतं?

तिकडे काय झालं ते तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. तू तिथल्या दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसात, आमच्यासोबत नुसता दुभाषी, तुझी-माझी एकाच रविवारची भेट, राहून गेलं. शिकायला नेलंय म्हणून पहिले चार दिवस आम्ही शहाण्यासारख्या शिकलो. पडद्यावर चौकोन, चौकोनातून निघणारे बाण. आमच्यातल्या दाईबाई तर डोळे उघडे ठेवून झोपायला शिकल्या. पाचव्या दिवशी मी खडू मागितला आणि आम्हाला उतरवलं होतं त्या इमारतीत राहणाऱ्या बायकांना म्हटलं, आता तुम्ही तुमचं घर काढा. लिफ्ट, पत्रपेट्या, सायकली ठेवायची जागा, सगळं भराभर काढलं. मग मी पिशवीतला डबा जमिनीवर ओतला. अठ्ठेचाळीस दारं होती, गं. बटणं पडली अकरा दारांपुढे. जन्मभर हजारो माणसांची शुश्रूषा केलेली एक निवृत्त नर्स होती. तिच्या भिंतीपलीकडे कोण राहतं हे तिला चौदा वर्षांत कळलं नव्हतं. ती हातात बटण धरून नुसती बसून राहिली. मला तिचा राग नाही आला.

आमचा नियम सांगितल्यावर तुमचे अधिकारी मधे पडले. इथे न विचारता कुणाचं दार वाजवत नाहीत, त्यासाठी परवानगीचा कागद लागतो, वगैरे. मी सगळं मान डोलावून ऐकलं आणि जिना चढू लागले. चौथ्या मजल्यावर बटण नसलेल्या एका दारामागे एक म्हातारबाबा निघाले, पूर्वी बस चालवायचे. पाय सुजून टम्म. आठ दिवसांत कुणाशी एक शब्द बोललेले नव्हते. आणि दाराच्या आत, अगदी दाराला लागून, त्यांनी खुर्ची मांडली होती. कुणी आलंच तर उठून यायला वेळ लागू नये म्हणून. माझ्यामागून नर्स आली होती. तिने खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी बाबा लंगडत खाली आले आणि आपल्या दारापुढे त्यांनी स्वतःच बटण ठेवलं, पांढरं. नर्सने डोळे वटारले तेव्हा मुकाट्याने काळं ठेवलं.

आम्ही निघालो तेव्हा शेहेचाळीस दारांपुढे बटणं होती. त्या बायका अजून दर आठवड्याला मांडतात, नर्स फोटो पाठवते. आम्हीही रिकाम्या हाताने आलो नाही. सूज बोटाने दाबून कशी बघायची, कुठली सूज दवाखान्यात न्यायची, हे तिने आम्हाला शिकवलं. ते शिकलो, आणि शिकलो म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. पण जे आम्ही दिलं ते दिलं म्हणूनच लिहिलं गेलं पाहिजे.

आता अहवालाच्या सतराव्या पानावर ये. तिथे लिहिलंय, पालथी चकती म्हणजे घरात अबोला. अशा दारी एक दिवस जाऊ नये, दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून जावं. भिंगरी, हे मी तिकडे कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच नाही. त्या इमारतीत अबोला धरण्याइतकी तरी ओळख कुठे होती? ते वाक्य वाचलं आणि अहवाल कुणी लिहिलाय ते मला कळलं. तू नऊ वर्षांची होतीस. तुझे बाबा आणि मी महिनाभर बोलत नव्हतो, माझी पेटी भरून तयार होती, आणि तू कुणाला काही न सांगता आपल्या घराचं बटण पालथं करून आलीस. बायकांनी एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी दाईबाई आणि काकू आल्या, संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत, आणि पेटी पुन्हा माळ्यावर गेली. ती खूण तुझी, बयो. आणि तूच ती दुसऱ्याच्या नावावर करून टाकलीस? तुला तिथे टिकायचंय, वरचे सांगतील तसं लिहावं लागतं, सगळं समजतं मला. पण सही मी करणार नाही. ‘संस्थेने तयार केलेली’ हे खोडून मी वर लिहिलंय : ही पद्धत आमच्या गल्लीतल्या सात बायकांची, आणि पालथं बटण एका नऊ वर्षांच्या मुलीचं. हे तू तुझ्या हाताने टाईप करायचं. ती मुलगी कोण असं कुणी विचारलं तर भर बैठकीत उभं राहायचं. खोली गेली तर जाऊ दे, आम्ही सुरुवात जिन्यातच केली होती. आणि हो, आज सकाळी आपल्या दारापुढचं बटण मी पालथं केलंय. बायकांना सांगून ठेवलंय, या वेळी तुम्ही कुणी यायचं नाही, जिने यायचं तिला नियम ठाऊक आहे.

सही न करणारी, तरी तुझीच,
आई