एकतीस घरं आणि एक कुलूप

ता. बार्शीटाकळी, १२ डिसेंबर २००६

प्रिय कुर्बान,

जय भीम आणि सलाम, दोन्ही एकदमच घे. वेगवेगळे लिहायला कागद पुरत नाही. हलीमाभाभींचा गुडघा आता वाकतो, की नुसताच बोलतो?

इकडे यंदा पिकापेक्षा सर्व्हेवालेच जास्त उगवलेत. चार वर्षं कापसाने दगा दिला, पोरांची कॉलेजं सुटली, लग्नं लांबली; पोरं दिवसभर पारावर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसतात. म्हणून अकोल्याच्या एका संस्थेने ठरवलं, की तरुण बिघडू नयेत यासाठी गावाला काय हवं, ते आधी विचारायचं. विचारणार कोण? ज्याचं अक्षर चांगलं तो. म्हणजे मी, आणि वही धरायला माझी नात पायल.

पहिलं घर पुंजाजीचं. (हा पाचवीत पावसाची कविता काय सुरात म्हणायचा! मी दोन कडवी म्हणून दाखवली. तो बैलाकडे बघत राहिला.) मग फॉर्म काढला : मुलाला काही वाईट सवयी? पुंजाजी म्हणाला, "आमचा पोरगा त गरीब गाय हाय मास्तर. बिघडेल पायजे असन, त नत्थुजीकडे जा." नत्थुजी भडकला, "माह्या पोराले काहून इचारता? पुंजाजीचा पाहा ना!" अशी एकतीस घरं झाली. पायलने बेरीज केली : आईबापांच्या मते बिघडलेला एकही नाही, शेजाऱ्यांच्या मते एकूणएक. थकलो रे. पूर्वी या गावात सकाळी उघड्या खिडक्यांतून पाढे आणि कविता ऐकू यायच्या. आता कवाडाआडून बोट शेजारी दाखवतं.

शेवटी पारावर गेलो. पोरांनी खर्रा लपवला, मी चष्मा पुसल्यासारखं केलं. काय हवं, विचारलं. मग पायलच बोलली, "आबा, लिहा ना. वाचनालय उघडून पाह्यजे. आमा पोरींले त पारही नाही."

फॉर्मात प्रश्न होताच : तरुणांना बसायला जागा आहे का? मी 'आहे' लिहिलं. पुढचा प्रश्न : उघडी असते का? तिथे पेन थांबलं. तीन वर्षांपूर्वी, माझ्या काव्यवाचनातून पोरं एकेक करून सटकली आणि मागच्या खोलीत कॅरम खेळत बसली, तेव्हा वाचनालयाला कुलूप मीच लावलं होतं. एकतीस घरं फिरलो, पण बत्तिसावं घर आपलं, तिथे कोणी विचारलंच नव्हतं.

एक तारखेपर्यंत खोली उघडली नाही, तर सरपंच खुशालराव ती बियाणंवाल्याला गोदामासाठी देणार आहेत.

तुझा,
डोमाजी

ता. क. : मला पाझर फुटू नये म्हणून चावी तेव्हा तुझ्याकडेच ठेवायला दिली होती. एसटीच्या ड्रायव्हरबरोबर लगेच पाठव. कुलूप तोडायला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, आणि ते कोणी लावलं हे ठरावात लिहावं लागतं.

ता. क. २ : तुझ्या शाकीबचा जुना कॅरम असेल तर तोही. सोंगट्या कमी असल्या तरी चालेल.

ता. क. ३ : काव्यवाचन करणार नाही, असं पायलला वचन दिलं आहे. उद्घाटनाला फक्त एक म्हणेन. चौदा कडव्यांची आहे. तू दाराजवळ बस, कोणी सटकायला नको.