बॉनेटवरचा हात

मार्चमधला दुसरा रविवार, घाटकोपर

पप्पा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. मनापासून मागतेय असं मात्र समजू नका. आज लिहायला बसले ते तुमची आठवण दाटून आली म्हणून नाही. आई पडली म्हणून. आणि ती तुमच्यामुळे पडली, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. आईला सांगून उपयोग नाही. राहता राहिलात तुम्ही.

तिचे गुडघे आता फार गेलेत. व्यायामासाठी तिला आठवड्यातून काही वेळा दवाखान्यात नेते, माझ्या गाडीतून. गेल्या मंगळवारी परत आलो, कंपाउंडमध्ये गाडी लावली, ती उतरली आणि गाडीच्या पुढून लिफ्टकडे वळताना उखडलेल्या फरशीवर तिचा पाय मुरगळला. गाडी तिच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर. कुणीही काय केलं असतं? बॉनेटवर हात टेकला असता. तिचाही हात पुढे गेला, मी बघितला. सोन्याची पाटली असलेला तो उजवा हात बॉनेटच्या वर आला, थबकला आणि तिने तो छातीशी ओढून घेतला, उकळत्या भांड्याला लागणार होता तसा. मग ती डाव्या हातावर खाली बसली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "आजी, धरायला बाजूला काही नव्हतं का?" आई म्हणाली, "नव्हतं." मी तिथेच उभी होते.

ते ऐकल्यापासून मी तुमच्याशी भांडतेय. ऑफिसात, स्वयंपाक करताना, सिग्नलला. भांडताना मला नेहमी तोच रविवार दिसतो. म्हणजे एक नाही, सगळे मिळून एक. बिल्डिंगच्या मागे, सावलीच्या बाजूला, ती तुमची पांढरी सेकंडहँड गाडी उभी आहे. देवनारच्या कचरा डेपोकडून वारा आला असेल तर टपावर राखेसारखी बारीक धूळ बसलेली आहे. आदल्या दिवशी कुणीतरी पोरानं त्यावर बोटानं नाव लिहिलं तर तुम्ही तो कोण ते शोधून काढणार आहात. पाणी सकाळी तासभरच यायचं. पहिल्या दोन बादल्या गाडीच्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. मग आम्ही. मी केस धुवायचे म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "पुढच्या आठवड्यात." गाडीला पुढचा आठवडा कधी नसायचा.

तुमची पद्धत बरोबर होती, हे मला सगळ्यात जास्त डाचतं. चुकीची असती तर मी ती कधीच फेकून दिली असती. कोरडं फडकं गाडीला लावायचं नाही, कारण धूळ म्हणजे बारीक वाळू आणि तिच्यावरून कापड फिरवणं म्हणजे रंग घासणं. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ आपोआप वाहून जाऊ द्यायची. टपापासून खाली यायचं, चाकं शेवटी, चाकांचं फडकं वेगळं. हात गोल फिरवायचा नाही, सरळ न्यायचा. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय परत गाडीला नाही. उन्हात तर नाहीच. आणि हात लावण्याआधी हातातलं सगळं काढायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये आजही सकाळी सगळ्या गाड्यांवर कोरडं फडकं झटकलं जातं आणि उन्हात त्यांच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. माझ्या गाडीवर नाहीत. कुणी विचारलं तर मी सांगते, वडिलांनी शिकवलं. सांगताना आवाजात अभिमानही असतो, तो मी ऐकलाय.

हातातलं काढायचं ही तुमची अट आईसाठी होती. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. नवरा समोर उभा असताना त्या उतरवायच्या म्हणजे तिच्या दृष्टीने काय, हे तुम्हाला न कळण्याइतके तुम्ही परके नव्हतात. ती बांगड्या कोपराकडे सरकवायची, वरून रुमाल बांधायची आणि विचारायची, "असं चालेल का?" तुम्ही म्हणायचात, "काढ म्हटलं ना. बांगड्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, रंग मिळत नाही." ती काढायची. खिडकीच्या कठड्यावर ठेवायची आणि धुऊन झालं की ओल्या हाताने परत चढवायची. तुमच्या कमरेला मात्र तो पितळी बकलाचा पट्टा असायचा. टप पुसायला तुम्ही दारावर पोट टेकून पुढे झुकायचात तेव्हाही असायचा.

मग तो दसरा. तुम्ही झेंडूचा हार सुती दोऱ्यात ओवून घेतला होता, तारेने बॉनेटला चरे जातात म्हणून. हळदकुंकू रंगाला नाही, काचेला लावायचं. नारळ लांब गटाराजवळ फोडायचा. आईने सगळं तसंच केलं. सणाच्या दिवशी बांगड्या काढायला मात्र तिने पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि तुम्ही लोकांसमोर गप्प बसलात. आरती झाली, पेढे वाटले, आणि तुमची नजर ड्रायव्हरच्या दारावर गेली. दोन समांतर रेघा, कमरेच्या उंचीवर. तुम्ही आख्ख्या बिल्डिंगसमोर आईचा हात मनगटाला धरून वर केलात. "हा हात आहे की कानस?" विक्रोळीच्या कारखान्यात दिवसभर लोखंड कानशीने घासणारे तुम्ही, तुम्हाला दुसरी उपमा कुठून सुचणार. दोनचार लोक हसले. तळमजल्यावरच्या काकी म्हणाल्या, "जाऊ द्या ना भाऊ, सणाचं काय!" तुम्ही हात सोडलात तेव्हा दोन बांगड्या पिचल्या होत्या. त्यानंतर आई तुमच्या गाडीत कायम मागेच बसायची, हात मांडीवर ठेवून. दार आतून उघडायचीही नाही, कुणी उघडेपर्यंत बसून राहायची. तुमच्यानंतर गाडी विकली तेव्हा ती बघायलासुद्धा खाली आली नाही.

त्या रेघा पट्ट्याच्या होत्या, अशी मला शंका आहे. माझ्याकडे पुरावा नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आरोप करणं न्यायाचं नाही, हेही मला कळतं. म्हणून आज सकाळी आईलाच विचारलं. मी गाडी धूत होते, ती प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दुधाची पिशवी घेऊन जाताना नेहमीसारख्या थांबल्या. "काय गं, आज पण अभ्यंगस्नान? नवऱ्याला कधी एवढं चोळलंस का?"

"नवरा एवढा शांत उभा राहत नाही," मी म्हटलं.

आई हसली. ती हसलीय ते बघून मी घाईघाईने विचारून टाकलं.

"पट्ट्याच्याच होत्या," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, मी आंधळी होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"दसरा होता. वर श्रीखंड वाटून ठेवलेलं. त्यांचे कारखान्यातले चौघं जेवायला यायचे होते. बोलले असते तर जेवणाची वाट लागली असती."

"आणि नंतर? इतक्या वर्षांत?"

"नंतर काय, नंतर ते मेले."

मी फडकं पिळलं. राग तुमचा आला होता, निघाला तिच्यावर. "मग आता कशाला घाबरतेस? मंगळवारी हात टेकला असतास तर हे झालं नसतं ना! माझी गाडी आहे, त्यांची नाही."

"ओरडू नकोस, वहिनी ऐकतायत."  मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी म्हणाली, "मी उतरले की तू आधी दार बघतेस, मग मला."

पप्पा, मला हे खोडता आलं नाही. मी खूप आठवून पाहिलं. एखादा तरी दिवस सापडेल म्हणून पाहिलं, की ती उतरतेय आणि मी तिच्या पायांकडे बघतेय. ती पाय खाली टेकते, पाटली दाराच्या कडेजवळून जाते, आणि माझी मान तिकडे वळलेली असते. मी तुमच्यासारखं कधी बोलले नाही, याचा मला इतका गर्व होता की बघण्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. तिला बोलण्याची गरज नव्हती. तुम्ही तिला एकदा शिकवून गेला होतात, मी फक्त दर वेळी उजळणी घेत होते. म्हणजे मंगळवारचा निम्मा वाटा माझा. निम्मा, जास्त नाही. बाकीचा तुमचा, आणि तो मी माझ्या अंगावर घेणार नाही, तुम्ही मेलेले असलात तरी.

मी तिला म्हटलं, "ऊठ." तिला उठवून पुढे आणलं. बॉनेट ओलं होतं, पुसायचं राहिलं होतं. "टेक हात."

"पाटली आहे."

"असू दे. टेक."

"उगाच चरा गेला तर रात्री झोपायची नाहीस तू."

"आई, टेक."

तिने टेकला. आधी नुसती बोटं, मग तळवा, मग जरा भार दिला. पाटली पत्र्याला लागल्याचा आवाज आला. ती माझ्याकडे बघत होती, बॉनेटकडे नाही. वहिनी जिन्यातून ओरडल्या, "अगं, फोटो काढायचाय का? थांबा, फोन आणते." आई म्हणाली, "आणा आणा, पदर नीट करते," पण पदराकडे तिचा हात गेला नाही. एक गळ्यात, एक बॉनेटवर.

इथे खरं तर तुम्हाला सांगायला हवं की मी तिच्या डोळ्यांत बघितलं. थोडा वेळ बघितलंही. पण ती वर गेल्यावर मी बॉनेट कोरडं केलं, सरळ हाताने, आणि जिथे तिची पाटली टेकली होती तिथे वाकून, मान तिरकी करून, उजेडात पाहिलं. होतं की नव्हतं, ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला ते जाणून घ्यायची फार इच्छा असेल, म्हणून मुद्दाम सांगणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी एवढं एक तुमच्यापासून राखून ठेवते.

उद्या: गाडी न पुसता आईला डॉक्टरांकडे प्लास्टर दाखवायला न्यायचं.