कोपऱ्यातली सावली

३ फेब्रुवारी, मंगळवार

चित्रातला चेंडू जमला! पांढरा चेंडू, पांढरा ठोकळा, डावीकडे दिवा, पडदा बंद. उजेडाकडून अंधाराकडे सात छटा — मोजून सात. कुणाकडे शिकायला गेलो नाही. ही खोलीसुद्धा तशीच — गॅलरीला विटांच्या भिंती घालून मीच केली. एक वीट दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. मेहुणा बांधकामातला, तेव्हा सारखा मागे लागला होता — "भावोजी, एवढं वजन गॅलरीला पेलायचं नाही, पत्रा लावा." दोन वर्षं झाली. उभी आहे ना!

५ फेब्रुवारी, गुरुवार

चेंडूमागच्या कोपऱ्यात घराची जुनी भिंत नि माझी भिंत मिळतात. तिथली उभी सावली परवा रंगवली, आज फिकी दिसते. ॲक्रिलिक वाळलं की गडद होतं, हे मला कुणी सांगायला नको. इथे उलटंच! चित्रातली फिकी, समोरची गडद. पुन्हा रंगवली.

चेंडूही जागचा हललेला. लेकीला झापलं — तिचं अभ्यासाचं टेबल इथेच. "बाबा, तुमच्या चेंडूला हात लावायला मला वेड लागलंय का?"

६ फेब्रुवारी

पुन्हा फिकी!! रंगच भेसळीचा.

८ फेब्रुवारी, रविवार

घाईत लिहितोय. अक्षर असंच येणार.

तिसऱ्यांदा गडद केली, तरी समोरची त्याहून काळी. बायको डोकावली. "सावली कसली, अहो? दिवा नसतो तेव्हाही ती तिथेच असते. केर काढताना रोज बघते मी." हिला चित्रातलं काय कळतं! खोटं पाडायला म्हणून दिवा बंद केला, पडदा बाजूला सारला. चेंडूची सावली फिरली, ठोकळ्याची फिरली. ती तिथल्या तिथे.

पेन्सिल टेकवली. आत गेली. पेरभर नाही — अख्खी!

पाच दिवस मी भेग रंगवत होतो. छटा जुळवून! आणि लेक तिच्याशेजारी बसून गणितं सोडवत होती. दंडाला धरून बाहेर काढली, वहीसकट. खालच्या मजल्यावरच्या आजी आमच्याच गॅलरीखाली ऊन खात बसतात. धावत जाऊन त्यांना उठवलं. "भिंत सुटलीय," एवढंच म्हणालो. कुणी बांधलेली, ते तोंडातून निघालं नाही.

९ फेब्रुवारी

मेहुण्याने खालून टेकू दिले. मग दारातूनच माझा चेंडू फरशीवर ठेवला. गडगडत गेला, थेट बाहेरच्या भिंतीपर्यंत. "बघितलंत, भावोजी?" — बस्स. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तपासणीला पालिकेचा इंजिनिअर आला. फॉर्म काढून त्याने विचारलं, "हे बांधकाम कोणी केलं?" दोन वर्षं या प्रश्नाची वाट बघत होतो मी. आज दारातल्या चपला नीट लावायला वाकलो.

बायको म्हणाली, "आम्ही दोघांनी."