कातळ होता तो टेकडीवर

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या हाताखाली तयार झालेल्या मेधाचा दुपारी फोन आला. "सर, करंज्याजवळच्या केमिकल प्लांटचं एस्टिमेट उद्या द्यायचंय. जमीन कशी आहे तिथं?"

"कातळ! पायाला पाइल्स धरू नकोस," मी ठोकून दिलं. वर शाळेतली समुद्राची कविताही ऐकवली.

आता आठवतंय, कातळ होता तो टेकडीवर, तिकडे साइटवर असताना मी डबा खायला बसायचो तिथं. प्लॉट तर खाली खाजणात, चिखलात! पाइल्सचा, जमिनीत खोल उतरवायच्या खांबांचा, एवढा खर्च सुटला तर तिच्याच अंगावर येईल. सांगू? म्हातारा चळला म्हणेल...

केला फोन.

"पाइल्स धरलेत सर," ती हसली. "पटकन मिळालेल्या उत्तरावर एस्टिमेट बांधायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना!"

सुटलो. पण मग तिनं मला विचारलं तरी कशाला?